वाचकांचे प्रश्न : अरब-इस्रायल संघर्षाची मुळे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या अनेक पत्रांत एकच अडचण मांडलेली आहे : पॅलेस्टाइन आणि इस्रायलच्या रोजच्या बातम्या वाचल्या जातात, पण भांडण मुळात कशावरून लागले हे त्यांतून कळत नाही. म्हणून या वेळचे सदर १९४८पर्यंतच्या इतिहासाला दिले आहे. त्यानंतरची युद्धे आणि करार यांविषयीचे प्रश्न येथे घेतलेले नाहीत.

प्रश्न (सातारा) : अरब आणि ज्यू यांचे वैर हजारो वर्षांचे असून त्याचे मूळ धर्मग्रंथांतच आहे, असे नेहमी ऐकायला मिळते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : हे खरे नाही, आणि हा समज आधी दूर केला नाही तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही. मुस्लिम राजवटींत ज्यूंना बरोबरीचे स्थान नव्हते. त्यांना वेगळा कर द्यावा लागे, त्यांच्यावर अनेक निर्बंध असत आणि अधूनमधून त्यांच्यावर हल्लेही होत. तरीही युरोपातल्या ज्यूंनी शतकानुशतके जे सोसले त्याच्याशी याची तुलना होत नाही. १४९२मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा त्यांतल्या हजारोंना उस्मानी तुर्कांच्या सुलतानानेच आसरा दिला, आणि सालोनिका, इस्तंबूल ही शहरे पुढे ज्यू विद्येची आणि व्यापाराची मोठी केंद्रे बनली.

पॅलेस्टाइन हा प्रदेश १५१७पासून चारशे वर्षे याच उस्मानी साम्राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे पॅलेस्टाइन नावाचा एकसंध प्रांत नव्हता. जेरुसलेमचा जिल्हा थेट इस्तंबूलच्या अखत्यारीत होता, तर नाब्लुस आणि अक्का हे जिल्हे बैरूत प्रांतात मोडत. १८८०च्या आसपास तिथली वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर होती. त्यांतले बहुसंख्य लोक अरबी बोलणारे मुस्लिम, काही ख्रिस्ती आणि सुमारे पंचवीस हजार ज्यू. हे ज्यू मुख्यतः जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद आणि तिबेरियास या चार पवित्र मानल्या गेलेल्या शहरांत राहत. धर्माध्ययन हा त्यांच्या जगण्याचा गाभा होता आणि राज्य मिळवण्याचा विचारही त्यांच्यापुढे नव्हता.

भांडणाची ठिणगी पडली ती रशियात. १८८१मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. पुढच्या तीसेक वर्षांत वीस लाखांहून अधिक ज्यू पूर्व युरोप सोडून गेले. बहुतेकांनी अमेरिकेची वाट धरली. पॅलेस्टाइनकडे वळलेल्यांची संख्या त्या मानाने फारच थोडी होती. मात्र या थोड्यांच्या मनात एक नवा विचार होता : दुसऱ्यांच्या देशात कितीही मिसळून राहिलो तरी आपल्याला सुरक्षितता नाही, म्हणून आपले स्वतःचे राष्ट्र हवे. व्हिएन्नातील पत्रकार थिओडोर हर्झल यांनी १८९६मध्ये या विचाराची मांडणी पुस्तिकेच्या रूपाने केली आणि १८९७च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रवादी, परिषद भरवली. जेरुसलेमकडे तोंड करून रोज प्रार्थना करणाऱ्या समाजाला हे राष्ट्र पॅलेस्टाइनखेरीज अन्यत्र कुठे असावे असे वाटणे अवघड होते. धर्माने या चळवळीला भूमी सुचवली, पण तिला चालना दिली ती युरोपातील ज्यूद्वेषाने आणि त्याच युरोपात त्या काळी उसळलेल्या राष्ट्रवादाने.

त्या भूमीवर आधीच एक समाज नांदत होता, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असेही नाही. १८९९मध्ये जेरुसलेमचे माजी नगराध्यक्ष युसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सचे प्रमुख रब्बी (ज्यू धर्मगुरू) झादोक कान यांना पत्र लिहिले. या भूमीशी ज्यूंचे ऐतिहासिक नाते आहे हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले, मात्र आज तिथे दुसरे लोक राहतात, म्हणून पॅलेस्टाइनला हात लावू नका, अशी कळकळीची विनंती केली. ते पत्र हर्झल यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते : ज्यूंच्या येण्याने जमिनीचे मोल वाढेल, स्थानिकांची भरभराट होईल, त्यांना घालवून देण्याचा विचार कोण करतो आहे? अल-खालिदी राजकीय हक्काविषयी बोलत होते आणि हर्झल आर्थिक लाभाविषयी. पुढच्या अर्धशतकातील बहुतेक बोलणी याच रीतीने एकमेकांना ओलांडून गेली.

प्रश्न (बारामती) : ज्यूंनी तिथल्या जमिनी रीतसर पैसे मोजून विकत घेतल्या, असे वाचनात आले. खरेदीखत झाल्यावर अरबांनी तक्रार करण्याचे कारण काय?

उत्तर : संघर्षाची खरी पाळेमुळे याच प्रश्नात आहेत, आणि शेतीशी संबंध असलेल्या वाचकाला ती चटकन समजतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जमिनी विकत घेतल्या होत्या हे अगदी खरे आहे, आणि पुष्कळदा चढ्या भावाने घेतल्या होत्या. प्रश्न विकणारा कोण होता, हा आहे. उस्मानी सरकारने १८५८मध्ये जमिनीचा नवा कायदा केला आणि प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी नावावर नोंदवण्याचा हुकूम काढला. तोवर अनेक गावांत जमीन गावकीची असे. ठरावीक वर्षांनी घराघरांत तिचे नव्याने वाटप होई आणि हक्क चाले तो वहिवाटीवर. सरकारदप्तरी नाव चढले की करवसुली होणार आणि घरातली मुले सैन्यात ओढली जाणार, या भीतीने असंख्य शेतकऱ्यांनी आपले नाव नोंदवलेच नाही, किंवा जमीन शहरातल्या एखाद्या वजनदार माणसाच्या नावावर लागू दिली. कराची थकबाकी झालेल्या कित्येक जमिनी सरकारने स्वतःच धनिक व्यापाऱ्यांना विकल्या. बैरूतच्या सुरसुक घराण्याकडे उत्तर पॅलेस्टाइनमधील मर्ज इब्न आमर, म्हणजे जेझरीलच्या सुपीक खोऱ्यातील गावेच्या गावे आली ती अशीच.

यामुळे शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही. मालक बदलला तरी कूळ तेच राहात असे, पिढ्यान्‌पिढ्या तेच शिवार कसत असे आणि पिकातला वाटा मालकाला देत असे. दूरच्या शहरातला मालक कधी गावाकडे फिरकतही नसे. मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी ही दोन स्तरांची व्यवस्था होती. ज्यू संस्थांनी विकत घेतला तो पहिला स्तर. दुसऱ्या स्तरावरच्या माणसाला, तो त्या मातीत जन्मला असला तरी, या व्यवहारात विचारलेच गेले नाही.

सुरुवातीच्या, म्हणजे १८८२नंतरच्या ज्यू वसाहतींत अरब मजूर मोठ्या संख्येने कामाला असत. गुरे चारण्यावरून, पाण्यावरून, बांधावरून तंटे होत; १८८६मध्ये पेताह तिक्वा या वसाहतीवर शेजारच्या गावकऱ्यांनी केलेला हल्ला अशाच तंट्यातून झाला होता. शेजारच्या दोन गावांत होतात तसेच हे तंटे होते आणि मिटतही होते. खरा बदल झाला तो १९०१मध्ये ज्यू राष्ट्रीय निधी स्थापन झाल्यानंतर आणि १९०४पासून रशियातून तरुण समाजवादी स्थलांतरितांची दुसरी लाट आल्यानंतर. निधीच्या नियमाप्रमाणे एकदा विकत घेतलेली जमीन ज्यू राष्ट्राच्या कायमच्या मालकीची होई. ती पुन्हा विकता येत नसे आणि खंडाने द्यायची ती ज्यूंनाच. नव्याने आलेल्या तरुणांचा आग्रह होता की तिच्यावर श्रमही ज्यूंचेच हवेत. त्यामागचा हेतू प्रामाणिक होता, हे नमूद केले पाहिजे. दुसऱ्याच्या घामावर जगणारे मळेवाले आपल्याला व्हायचे नाही, शतकानुशतके मातीपासून तोडल्या गेलेल्या समाजाने स्वतःच्या हातांनी माती कसायची, ही त्यांची निष्ठा होती आणि त्यासाठी त्यांनी मलेरिया, उपासमार आणि अपार कष्ट सोसले. परंतु जी तत्त्वनिष्ठा त्यांना शोषणापासून दूर ठेवत होती, तिनेच अरब कुळाला शेतातून बाहेर काढले. पूर्वीचा मालक त्याचे शोषण करत होता. नव्या मालकाला त्याची गरजच उरली नव्हती. माझ्या मते या संघर्षातील सर्वांत दुःखद गाठ हीच आहे, कारण ती कोणाच्या दुष्टपणातून पडलेली नाही.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे अल-फुला हे गाव. १९१०मध्ये सुरसुक घराण्यातील एकाने तिथली जमीन निधीला विकली तेव्हा नाझरेथचे जिल्हाधिकारी शुक्री अल-असली यांनी सरकारी अधिकारी असूनही व्यवहाराला विरोध केला, वर्तमानपत्रांतून लिहिले आणि पुढच्या वर्षी खासदार झाल्यावर इस्तंबूलच्या संसदेत हा विषय काढला. व्यवहार थांबला नाही. १९११मध्ये तिथे मेर्हाव्या ही ज्यू वसाहत उभी राहिली. पण तोवर हैफातून निघणारे ‘अल-कर्मिल’ आणि १९११मध्ये जाफातून सुरू झालेले ‘फलस्तीन’ ही अरबी पत्रे जमीनविक्रीविरुद्ध सातत्याने लिहू लागली होती. म्हणजे अरब विरोध ब्रिटिश येण्यापूर्वीच संघटित होऊ लागला होता. ब्रिटिशांनी तो पेटवला, अशी जी सोयीची मांडणी केली जाते ती अपुरी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर सुरसुक घराण्याने जेझरीलचे खोरे जवळजवळ सगळे विकून टाकले आणि अनेक गावांतली कुळे थोडीफार भरपाई घेऊन उठली. त्यांतले कित्येक हैफाच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत जाऊन राहिले. १९३०मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या जॉन होप सिम्पसन यांनी आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले की निधीने घेतलेली जमीन अरबांना ना पुन्हा विकत घेता येते, ना तिच्यावर मजुरी करता येते. आणखी एक गोष्टही दडवून चालणार नाही : विकणाऱ्यांत बैरूत-दमास्कसचे परके मालकच नव्हते, तर जमीनविक्रीविरुद्ध जाहीर सभांत गर्जना करणारी काही पॅलेस्टिनी प्रतिष्ठित घराणीही होती. अरब शेतकऱ्याचा घात त्याच्या पुढाऱ्यांनीही केला.

एवढ्या खरेदीनंतरही १९४७मध्ये एकूण भूमीपैकी ज्यूंच्या मालकीची जमीन सात टक्क्यांच्या आतच होती. उरलेली सगळी अरब शेतकऱ्यांच्या नावावर होती असे मात्र नाही. दक्षिणेकडील नेगेवचे विस्तीर्ण वाळवंट आणि इतर पुष्कळ जमीन सरकारी होती.

प्रश्न (नागपूर) : ब्रिटिशांनी एकच भूमी अरबांनाही देऊ केली आणि ज्यूंनाही, असे म्हणतात. नेमके काय घडले?

उत्तर : तीन आश्वासने होती आणि ती तीनही युद्ध जिंकण्याच्या घाईत दिलेली होती. तुर्कांविरुद्ध अरबांनी उठावे म्हणून इजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमोहन यांनी १९१५-१६मध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांना पत्रांतून अरब स्वातंत्र्याचे वचन दिले. त्यातून वगळलेल्या प्रदेशाची सीमा इतकी मोघम लिहिली होती की पॅलेस्टाइन आत की बाहेर, हा वाद पुढे कायमचा राहिला. १९१६च्या मे महिन्यात फ्रान्सबरोबर झालेल्या गुप्त सायक्स-पिको करारात हाच प्रदेश आंतरराष्ट्रीय कारभाराखाली ठेवायचे ठरले. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ब्रिटनमधील ज्यूंचे पुढारी लॉर्ड रोथशील्ड यांना पत्र पाठवून पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय निवासस्थान’ उभारण्यास ब्रिटनची अनुकूलता जाहीर केली. रशिया आणि अमेरिकेतील ज्यूंचे वजन आपल्या बाजूने पडेल, शिवाय सुएझ कालव्याच्या शेजारी आपला पाय घट्ट रोवला जाईल, हा त्यामागचा हिशेब होता. मंत्रिमंडळातील एकमेव ज्यू मंत्री एडविन माँटेग्यू यांनी त्याला कडाडून विरोध केला. आपल्याकडे ते माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे परिचित आहेत.

बाल्फोर यांच्या पत्रात त्या वेळी नऊ-दशांश असलेल्या रहिवाशांचा उल्लेख ‘विद्यमान बिगर-ज्यू समाज’ असा आला आहे. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येणार नाही असे म्हटले आहे. राजकीय हक्कांचे नाव नाही. हे अनवधानाने घडलेले नव्हते. १९१९मध्ये बाल्फोर यांनीच एका सरकारी टिपणात लिहून ठेवले की पॅलेस्टाइनमधील सध्याच्या रहिवाशांची इच्छा विचारण्याचा नुसता उपचारही आम्ही पार पाडणार नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या किंग-क्रेन आयोगाने तिथे जाऊन लोकांना विचारले आणि बहुसंख्यांचा या योजनेला तीव्र विरोध असल्याचा अहवाल दिला. तो तीन वर्षे अप्रसिद्धच राहिला.

१९२२मध्ये राष्ट्रसंघाने ब्रिटनला पॅलेस्टाइनचा कारभार सोपवताना बाल्फोर यांचे आश्वासन त्या सनदेतच घातले. त्या वर्षीच्या जनगणनेत साडेसात लाख लोकांपैकी ज्यू सुमारे ८४ हजार, म्हणजे अकरा टक्के होते; १९३१मध्ये ते सतरा टक्क्यांवर गेले. १९२० आणि १९२१मध्ये दंगली झाल्या. १९२९मध्ये जेरुसलेममधील पश्चिम भिंत या ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळावरील वादातून उसळलेल्या हिंसाचारात हेब्रॉनमधील ६७ ज्यूंची कत्तल झाली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेला, झायोनिझमशी फारसा संबंध नसलेला तो जुना ज्यू समाज होता, आणि त्याच्यावर झालेल्या हल्ल्याने सहजीवनाची भाषा बोलणाऱ्या ज्यूंचा आवाज क्षीण केला.

मग १९३३मध्ये जर्मनीत हिटलर आला. अमेरिकेने १९२४च्या कायद्याने आपले दरवाजे जवळजवळ बंद केलेले होते, आणि १९३८च्या एव्हियाँ परिषदेत जमलेल्या देशांपैकी बहुतेकांनी ज्यू निर्वासितांना घेण्यास असमर्थता दाखवली. एकट्या १९३५मध्ये साठ हजारांहून अधिक ज्यू पॅलेस्टाइनमध्ये आले. जर्मनीतून किंवा पोलंडमधून जीव घेऊन आलेल्या कुटुंबाला परत जा असे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि आपल्याच गावात आपण थोड्याच वर्षांत अल्पसंख्य होणार हे दिसत असलेल्या अरबाला शांत राहा असे तरी कोणत्या तोंडाने? १९३६ ते १९३९ या काळात अरबांनी सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप आणि त्यानंतर सशस्त्र उठाव केला. ब्रिटिशांनी तो निर्दयपणे चिरडला. हजारो अरब मारले गेले, पुढारी तुरुंगात गेले किंवा परागंदा झाले. जेरुसलेमचे मुफ्ती, म्हणजे मुस्लिमांचे प्रमुख धर्मशास्त्री, हाजी अमीन अल-हुसैनी पुढे बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले, आणि त्या कृत्याने पॅलेस्टिनी बाजूचे जे नैतिक नुकसान झाले ते आजही भरून निघालेले नाही. १९३७मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगाने प्रथमच फाळणी सुचवली होती. १९३९मध्ये ब्रिटनने उलट दिशा घेऊन पाच वर्षांत फक्त ७५ हजार ज्यूंना प्रवेश देण्याचे ठरवले, ते नेमके युरोपातील साठ लाख ज्यूंचा संहार होण्याच्या तोंडावर.

प्रश्न (पुणे) : १९४७ची फाळणी ज्यूंनी मान्य केली आणि अरबांनी नाकारली. मग पुढच्या दुर्दशेला अरबच जबाबदार नाहीत का?

उत्तर : नकार दिला हे खरे, आणि त्याची किंमत अवाढव्य होती हेही खरे. पण तो नकार कशाला होता, ते पाहायला हवे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव संमत केला. दहा देश तटस्थ राहिले. लोकसंख्येत एक-तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला सुमारे ५५ टक्के भूमी मिळाली, आणि त्या राज्याच्या हद्दीत चार लाखांहून अधिक अरब येत होते. फाळणी काय करते हे त्याच वर्षी अनुभवलेल्या भारताने विरोधात मत दिले. ज्यू नेत्यांच्या दृष्टीने, छळछावण्यांतून वाचलेली माणसे अजून युरोपातील निर्वासित-तळांवर अडकून पडलेली असताना, राज्य नाकारणे शक्यच नव्हते.

ठरावाच्या दुसऱ्या दिवसापासून यादवी सुरू झाली. ९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन आणि लेही या सशस्त्र ज्यू संघटनांनी दैर यासीन गावात शंभरहून अधिक अरबांना ठार मारले. चारच दिवसांनी हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यावर अरबांनी हल्ला करून डॉक्टर-परिचारिकांसह सत्तरहून अधिक जणांना मारले. १४ मे रोजी ज्यूंचे नेते बेन-गुरियन यांनी इस्रायलची घोषणा केली आणि लगेच इजिप्त, ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन), सीरिया, लेबनॉन आणि इराक यांच्या फौजा आत आल्या. अरब फौजा आल्या म्हणून लोक परागंदा झाले, असे सरसकट म्हणता येत नाही, कारण तोवर अडीच-तीन लाख अरब घराबाहेर पडलेले होते. काही भीतीने गेले, काही लढाईच्या माऱ्यामुळे, काही आधी पळालेल्या पुढाऱ्यांच्या मागे. आणि पुष्कळांना हुसकावून लावले गेले. जुलैमध्ये लिद्द आणि रामला या दोन शहरांतून पन्नास हजारांच्या आसपास लोकांना उन्हातान्हात पायी बाहेर काढण्यात आले. इस्रायली दप्तरे १९८०च्या दशकात खुली झाल्यावर इस्रायली इतिहासकारांनीच हे लिहिले आहे. युद्ध संपले तेव्हा सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली होती. सहा-साडेसहा लाखांच्या ज्यू समाजानेही आपली सहा हजार माणसे गमावली.

१९४९च्या युद्धबंदीनंतर इस्रायलकडे ७८ टक्के भूमी होती. जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा जॉर्डनने घेतला, गाझा इजिप्तने. पॅलेस्टिनी राज्य झाले नाही, आणि ते होऊ न देण्यात अरब राजांचाही वाटा होता. निर्वासितांना परतू द्यावे असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव डिसेंबर १९४८मध्ये झाला, पण इस्रायलने त्यांना परत घेतले नाही आणि १९५०च्या कायद्याने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. त्याच सुमारास इराक, येमेन, इजिप्त आणि इतर अरब देशांतील ज्यूंचे जगणे अशक्य होत गेले. १९५०-५१मध्ये एकट्या इराकमधून सव्वा लाखाच्या जवळपास ज्यू घरदार सोडून इस्रायलला गेले. पॅलेस्टाइनमधील घटनांशी त्यांचा काहीही संबंध नव्हता, तरी त्यांना शिक्षा झाली. नकाराची चूक मान्य केली तरी एका पिढीच्या पुढाऱ्यांनी दिलेल्या नकारासाठी शेतकऱ्याचे घर कायमचे जावे, हा न्याय मला पटत नाही.

प्रश्न (अलिबाग) : आपल्याकडचे बेने इस्रायल लोक या संघर्षात कसे आले?

उत्तर : ते त्यात ओढले गेले, असे म्हणणे अधिक योग्य. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या भागांत शतकानुशतके राहिलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या गेलेल्या या मराठीभाषक ज्यू समाजाला इथे कोणी छळले नव्हते. १९४८नंतर ते मोठ्या संख्येने गेले ते धर्मश्रद्धेने, आणि नव्या देशात चांगले दिवस येतील या आशेने. तिथे त्यांना रंगावरून हिणवणुकीला तोंड द्यावे लागले. १९६२मध्ये प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला, तेव्हा त्यांनी आंदोलन केले आणि १९६४मध्ये इस्रायली संसदेकडून ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचा निर्वाळा मिळवला. त्यांच्या वस्त्या मुख्यतः दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद आणि रामला येथे आहेत. यांतले लोद म्हणजेच १९४८मध्ये रिकामे केले गेलेले लिद्द, आणि बीरशेबाही त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत अरब शहर होते. कोकणातून गेलेल्या कुटुंबांनी ते घडवून आणले नव्हते आणि अनेकांना जाताना ते ठाऊकही नसावे. सरकारने जिथे घर दिले तिथे ती राहिली. आज लोद आणि रामला या दोन्ही शहरांत अरब नागरिकांचीही मोठी वस्ती आहे. १९४८मध्ये मागे राहू शकलेल्या मोजक्या कुटुंबांचे वंशज आणि इतर गावांतून विस्थापित होऊन तिथे आलेले लोक त्यांत आहेत, आणि मराठी बोलणारी घरे त्यांच्याच शहरात आहेत.